दोन जुन्या, एक नवी

विश्रांतवाडी, पुणे
बुधवार, ११ जून २०२५

चि. नम्रता,

सप्रेम जय भीम.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. मागच्या वेळी स्पीड पोस्टाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली होती, काका, व्हॉट्सअॅप करा ना. मी म्हटलं, मुलीनं मला तिथूनही काढून टाकलंय, त्याची पावती तुमच्याकडे मिळते का. तिनं पाकिटावर शिक्का मारला.

आई पडली. परवा सोमवारी सकाळी, मोरीच्या दाराशी. कपाळाला पाच टाके पडले आणि डावं मनगट मोडलं. शुद्धीवर आहे, बोलते आहे, पण नाडी मिनिटाला अडतीस लागली म्हणून इस्पितळात ठेवून घेतलंय. अडतीस म्हणजे फारच कमी, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

कारण विचारशील. फरशी ओली होती. सरुबाईनं पुसून ठेवली आणि वाळली की नाही ते पाहिलं नाही. आठ वर्षं घरात काम करते म्हणून काही बोलायचं नाही, असं किती दिवस चालायचं? त्याच दिवशी तिला यायचं बंद केलं. तुला ते आवडणार नाही. तुला तिच्या हातची ज्वारीची भाकरी आवडायची, म्हणून सांगून ठेवतो.

औषधांचंही विचारशील, तेव्हा तेही लिहितो. औषधात एका वेळेचाही खंड नाही. अठ्ठावीस कप्प्यांचा डबा आणलाय, दर रविवारी मी स्वतः भरतो. दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला गोळ्या मोजायला कोणी शिकवायची गरज नाही. विसरण्याच्या दोन गोळ्या तिला आधीपासून होत्याच. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी एक नवी लिहून दिली, तीही वेळेवर चालू आहे. इथल्या या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं होतं, नागपूरहून परतल्यावर सहा महिन्यांनी, हे तुला बहुधा माहीत नसेल.

नागपूरचा विषय निघाला तर निघू दे. दीक्षाभूमीला आलो होतो, तुझ्याकडे चार दिवस राहिलो, आणि तू मला न विचारता तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. तिथे तिला घड्याळ काढायला सांगितलं. सगळे आकडे तिनं एकाच बाजूला दाटीनं लिहिले होते. तो कागद तू जावयांसमोर, चेतनरावांसमोर, माझ्यापुढे धरलास. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू म्हणालीस, "बाबा, मूठ रिकामी होत चाललीय." ते वाक्य मला अजून चावतं. खरं होतं म्हणून जास्त चावतं.

येण्याबद्दल मी काही म्हणत नाही. कळवणं माझं काम होतं, कळवलं.

दशरथ रामटेके
(वडिलांनी पूर्ण नाव लिहून सही करायची नसते, असं तू लहानपणी म्हणायचीस. सवय.)


शुक्रवार, १३ जून २०२५

चि. नम्रता,

जय भीम. आधीचं पत्र अजून पोहोचलं नसेल. हे त्याच्या पाठोपाठ.

नाडी अजून चाळिशीच्या खालीच आहे. काल तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. डब्यातल्या सुट्या गोळ्या नकोत, पाकिटांसकट. चूर्ण, काढे, मलम, जे असेल ते. मी घेऊन गेलो. नवी गोळी, बीपीची आणि कॅल्शियमची. बाकी थोडं सामान घरी राहिलं. पिशवी लहान होती.

बाईंनी पाकिटं टेबलावर मांडली आणि विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मॅडम, मी स्टोअरकीपर होतो. त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, विसरण्याच्या या गोळीनं काही जणांची नाडी मंदावते, बीपीच्या गोळीनं त्यात भर पडते, म्हणून दोन्ही सोमवारपासून बंदच आहेत. पण नेमून दिलेल्या मात्रेवर नाडी इतकी खाली यायला नको. आली, त्या अर्थी हृदयाचीच आतली यंत्रणा बिघडली असावी. मोठे डॉक्टर सोमवारी पेसमेकर बसवणार आहेत. कॉलरच्या हाडाखाली छोटी डबी बसवतात. तासाभराचं काम आहे म्हणाले.

सरुबाई काल खाली गेटपाशी डबा घेऊन उभी होती. वर येऊ दिलं नाही. ती काहीबाही बोलत होती, बाईंच्या गोळ्यांचं डाक्टरला सांगितलं का वगैरे. तिला अक्षरओळख नाही, गोळ्यांतलं काय कळतं? डबा मात्र ठेवून घेतला. आईनं तिच्या हातचं पिठलं ओळखलं. मला ओळखलं नाही त्या दिवशी.

संध्याकाळी खाटेवर बसून आईनं पंचशील म्हटलं. दिवस कोणता, गाव कोणतं, काही सांगता येत नाही, पण पंचशीलात एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई हात जोडून ऐकत होत्या. मीही बरोबर म्हणत होतो. चौथ्या शीलाला मला खोकला आला. खोटं बोलणार नाही, ते. इस्पितळातल्या एसीनं घसा धरतो.

सोमवारी सकाळी नऊला नेणार आहेत. तोवर पत्र तुला मिळेल की नाही, सांगता येत नाही.

बाबा


रविवार, १५ जून २०२५

नम्रता,

पिशवी लहान नव्हती.

दोन जुन्या गोळ्यांची पाकिटं मी पितळी डब्यात, डाळीच्या मागे ठेवून गेलो. आता नीट लिहितो, उगाच वळणं घेत नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी जी नवी गोळी दिली, तिच्यात जुन्याच दोन गोळ्यांमधली औषधं एकत्र आहेत. डोनेपेझिल आणि मेमँटिन. दोनऐवजी एक घ्यायची, म्हणजे विसरायला कमी जागा राहते, एवढाच तिचा उपयोग. मी तिन्ही देत होतो. म्हणजे रोज सगळं दुप्पट. नऊ आठवडे.

का, ते तुला मी सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगितल्यावर तू कपाळावर हात मारशील. आमच्या स्टोअरमध्ये एक नियम होता. एकदा निघालेला आदेश लेखी रद्द होईपर्यंत चालू. साहेब तोंडानं काही म्हणोत, नवा आदेश येवो, जुन्यावर 'रद्द' लिहून सही झाली नाही तर जुना चालूच. तोंडी सांगण्यावर माल दिला आणि दुसऱ्या दिवशी साहेब फिरले तर नोकरी जायची. डॉक्टरांनी नव्या कागदावर नवी गोळी लिहिली. जुनी बंद, असं कुठेच लिहिलं नव्हतं. ते बोलले असतील. त्या वेळी आई मला तिसऱ्यांदा विचारत होती की आपण कोणाच्या घरी आलोय. मी ऐकलं नाही. आणि ऐकलं असतं तरी तोंडी आदेश मी सदतीस वर्षांत कधी मानला नव्हता. घरी येऊन दोन्ही कागद एकाच टाचणीला लावले आणि दोन्ही अमलात आणले. मला त्यात हुशारीच वाटली.

मे महिन्यात तिचं जेवण तुटलं. सकाळी मळमळायचं, वजन उतरलं, उठली की डोकं धरून बसायची. मी म्हटलं, उन्हाळा आहे. सरुबाई म्हणाली होती, "साहेब, आधी दोन गोळ्या हुत्या, आता तीन झाल्यात. तवापासनं बाईंना गरगरतंय. लई हाय ते." मी तिला म्हटलं, तू भांडी मोज.

पडली त्या सकाळी फरशी कोरडी होती. सरुबाई आलीसुद्धा नव्हती.

हे सगळं मला शुक्रवारी पाकिटं पिशवीत भरताना कळलं. पाकिटांवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. नवीवर तीच दोन नावं होती. मी तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. मग ती दोन पाकिटं बाजूला काढली.

उद्या पेसमेकर आहे. डॉक्टरांना खरं कळलं तर ते कदाचित थांबतील, औषध अंगातून उतरू देतील, नाडी आपोआप वर येते का ते बघतील. आजही ते राउंडला आले होते. दहा मिनिटं माझ्यासमोर उभे होते. मी त्यांना पार्किंगची तक्रार सांगितली.

आणि तुला लिहितो आहे. आज रविवार, पोस्ट बंद. उद्या उघडल्यावर टाकलं तरी नागपूरला बुधवार-गुरुवार उजाडणार. हे मला पेन उचलण्याआधी माहीत होतं. इस्पितळ घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे आणि मी आठशे किलोमीटरवर कबुली पाठवतो आहे. भित्र्या माणसालाही नियमानं वागल्याचं समाधान लागतं.

बाबा


बुधवार, ९ जुलै २०२५

प्रिय नम्रता,

जय भीम. तू परत गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले. माझं रविवारचं पत्र तुला तुझ्या दारात मिळालं असणार. तू फोन केला नाहीस, म्हणजे वाचलंस.

माझं पहिलं पत्र वेळेत पोहोचलं होतं, तरी मला वाटलं नव्हतं तू येशील. सोमवारी सकाळी साडेआठला तू पाठीवर सॅक लावून वॉर्डच्या दारात उभी होतीस. केस पिकलेत तुझे. आईनं तुला बघून पदर सावरला, कोणी पाहुणी आल्यावर सावरतात तसा, आणि मग तुझा हात धरला तो स्ट्रेचर येईपर्यंत सोडला नाही. माझं पत्र तेव्हा माझ्याच खिशात होतं. तू व्हरांड्यात मला बाजूला घेतलंस आणि तीन वर्षांनी पहिला प्रश्न विचारलास. "बाबा, औषधांत काही गडबड नव्हती ना?"

मी म्हटलं, नाही.

तू फॉर्मवर माझ्या सहीखाली सही केलीस. तिला आत नेल्यावर मी चहाला म्हणून खाली उतरलो आणि पत्र पोस्टात टाकून आलो. त्यानंतर नऊ दिवस तू तिचे केस विंचरलेस, तिला भरवलंस, मैत्रिणीकडे झोपायला गेलीस, घरी पाय ठेवला नाहीस. आणि ते सगळे दिवस खरं पत्र नागपूरला तुझ्या घरी न उघडलेलं पडून होतं. आपण दोघं एकाच बाकावर बसून डबा खायचो तेव्हा मी दिवस मोजत होतो, आता पोहोचलं असेल, आता पोहोचलं असेल.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना भेटलो आणि ती दोन पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंत तर आपण दोन आठवडे वाट पाहिली असती. बहुधा पेसमेकर लागलाच नसता." आता काढता येत नाही, काढण्यात धोका जास्त. राहू द्यायचा. विसरण्याची गोळी त्यांनी सध्या पूर्ण बंद केली आहे. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं. त्यांनी प्रत्येक जुन्या औषधापुढे 'बंद' लिहून सही केली, तारीख घातली. म्हणाले, हे प्रत्येकानं मागायला हवं, आम्हीही द्यायला हवं. कागद आता फ्रिजवर लावलाय. काय चालू, काय बंद, कोणी सांगितलं, कधीपासून. औषधवाल्यालाही एक प्रत दिली.

आता औषधवाल्याचं. हे राहिलंय, आणि हे सगळ्यात वाईट आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की मला शुक्रवारी कळलं. तेही खोटं होतं. मला मे महिन्यातच कळलं होतं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला सुदर्शन, तुझ्या शाळेतला, त्यानं जुन्या गोळ्या मागायला गेल्यावर सरळ विचारलं, काका, नवी सुरू झाली की या दोन बंद करायच्या असतात, डॉक्टरांनी सांगितलं नाही का? चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, हो हो, माहितीय, शेजाऱ्यांसाठी हव्या होत्या. त्यानं दिल्या नाहीत. घरी आलो आणि दोन्ही बंद केल्या. खरंच बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला 'भाऊ' म्हटलं. चहाचा कप घेतला आणि विचारलं, "भाऊ, तुमचे घरचे कुठं असतात?"

त्याच्या आदल्या आठवड्यात, तिन्ही गोळ्या चालू असताना, एका सकाळी ती मला 'रामटेके' म्हणाली होती, लग्नानंतर पहिल्या वर्षी लाडात यायची तेव्हा म्हणायची तसं. आणि कारखान्याच्या क्वार्टरचा नंबर सांगितला. तुझं नावही घेतलं. मी ती सकाळ गोळ्यांच्या नावावर लिहिली. आता ती पुन्हा गेली, तर गोळ्या काढल्या म्हणूनच गेली, असा हिशोब केला. जुना कागद घेऊन बसनं कसबा पेठेत गेलो, जिथे मला कोणी ओळखत नाही, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आलो. तेव्हा नियम वगैरे काही नव्हता. नियम मी नंतर शोधला, तुला लिहिण्यासाठी. पहिला महिना चूक होती, बाकीचा हव्यास. मला ती परत हवी होती, आणि तुला दाखवायची होती की बघ, मूठ रिकामी नाही.

डॉक्टरांना हेही सांगितलं. ते म्हणाले, गोळी दुप्पट केल्यानं आठवण दुप्पट होत नाही. त्या सकाळी ती बरी होती, एवढंच. असे दिवस येतात आणि जातात.

मागच्या रविवारी सरुबाईकडे गेलो. ती आता कात्रजला लेकीकडे असते, डेअरीच्या मागच्या वस्तीत. मी चप्पल न काढता दारातच उभं राहून सगळं सांगितलं. फरशी कोरडी होती हेही, तिच्या लेकीसमोर, शेजारणींसमोर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, मला कामं मिळत्यात. पर बाईंना पाडलं म्हनून लोक बोलले, ते कसं पुसू?" परत ये म्हणायची हिंमत झाली नाही. कालपासून ती आपणहून येते आहे. बाईंसाठी येते, तुमच्यासाठी न्हाई, असं तिनं आल्याआल्या बजावलं. माझ्याशी बोलत नाही, आणि ते तिला शोभतं.

आता आईचं. टाके काढले. हाडाखाली डबीचा उंचवटा हाताला लागतो, आणि तिचा हात सारखा तिथेच जातो. खाजवून जखम करते म्हणून झोपताना हाताला मऊ कापडाची पिशवी बांधावी लागते. आता ती पुण्याचं मराठी विसरलीय, भंडाऱ्याचं तेवढं राहिलंय. दिवसातून दहा-पंधरा वेळा विचारते, "हे काय होय जी?"

पहिले काही दिवस मी म्हणायचो, घड्याळ आहे, आतलं. ती विचारायची, मग किती वाजले?

दोनच दिवस जमलं ते. मग खरं सांगायला लागलो. खाटेवर तिच्यासमोर बसून सांगतो. मी तुला चुकीच्या गोळ्या दिल्या, कळूनही दिल्या, म्हणून हे बसवावं लागलं. एकदा ती म्हणाली, "असू द्या जी." एकदा माझ्या गुडघ्यावर थोपटलं. काल दुपारी ती रडली, लहान मुलीसारखी, आणि मला खोलीतून जा म्हणाली. मी गेलो. पाच मिनिटांनी आत आलो तर तिनं बसायला सांगितलं, चहा घेणार का विचारलं, आणि छातीवर हात ठेवून, "हे काय होय जी?"

काल तिनं मला तीनदा माफ केलं आणि एकदा नाही केलं. त्यातलं तिच्याजवळ काहीच उरलेलं नाही. सगळं माझ्याजवळच उरतं, आणि मी किती खोटारडा साठा ठेवतो ते तू पाहिलंस. म्हणून हे तुझ्याकडे देतो आहे. तू विसरणाऱ्यातली नाहीस. माफ कर असं मी म्हणत नाही. कोणाला तरी हे लक्षात असलं पाहिजे, एवढंच म्हणतो.

उद्या आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू होतो, विहारात तीन महिने वाचन आहे. आईला व्हीलचेअरवर नेणार आहे. शील घेताना मी चौथ्याला गप्प राहीन, म्हणण्याचा हक्क पुन्हा येईपर्यंत.

एक शेवटचं. तीन वर्षांपूर्वी नागपूर स्टेशनवर, गाडी सुटताना, मी तुला म्हटलं होतं की पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तो आदेश तोंडी होता, तरी तू पाळलास. जूनमध्येही पाळलास, आई मृत्यूच्या दाराशी असताना मैत्रिणीकडे राहून पाळलास. तो आदेश मी आज लेखी रद्द करतो आहे. खाली पूर्ण सही केली आहे.

आईनं आत्ताच हाक मारली. तिला सांगून येतो.

दशरथ रामटेके
९ जुलै २०२५